नगर वसवितांना : नवख्या खेळाडूचे प्रश्न



आजच्या भाषणाचा विषय कार्यक्रमपत्रिकेंत वाचून आपणांपैकीं कित्येकांस आश्चर्य वाटलें असेल. संगणकावरील खेळ ही मुलांनीं दार लोटून घेऊन करावयाची गोष्ट. तिच्यावर वडील माणसानें नभोवाणीवर येऊन बोलावें असें तिच्यांत काय आहे? गेल्या उन्हाळ्यापर्यंत माझेंही मत याहून निराळें नव्हतें. सुटींत माझी भाची जळगांवाहून धुळ्यास आमच्याकडे राहावयास आली, आणि दुसऱ्याच दिवशीं दुपारच्या वेळीं तिनें मला विचारलें, "मामा, माझें शहर वाढत कां नाहीं?" प्रश्न जळगांवासंबंधीं आहे असें समजून मीं कापसाच्या बाजारापासून प्रारंभ केला, तेव्हां तिनें हंसून मला संगणकाच्या पडद्यापुढें नेऊन बसविलें. त्यानंतर महिनाभर आम्हां दोघांची जी प्रश्नोत्तरें झालीं, त्यांतील कांहीं आज आपणांपुढें ठेवावयाचीं आहेत. नवख्या खेळाडूस त्यांचा उपयोग होईलच. परंतु ज्यांस खेळावयाचें नाहीं त्यांसही, आपण ज्या गांवांत राहतों तें नेमकें येथेंच कां वसलें, हा प्रश्न कधीं ना कधीं पडलेला असतोच.

खेळाचें नांव 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर आणि ब्रूस शेली या दोघांनीं तो १९९१ सालीं अमेरिकेंत तयार केला. पुढें त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. माझी भाची खेळते ती सहावी, २०१६ सालची. पडद्यावर षट्कोनी घरांचा एक विस्तीर्ण पट असतो. कांहीं घरांवर गवताळ रान, कांहींवर डोंगर, जंगल किंवा वाळवंट, आणि घरांच्या कडेकडेनें वाहणारी नदी. आरंभीं आपल्या हातीं वसाहत करणाऱ्या माणसांचा एक तांडा आणि एक योद्धा, एवढेंच भांडवल. एक खेळी आपण करावयाची, मग प्रतिपक्षानें, अगदीं बुद्धिबळाप्रमाणें. विचार करण्यास वाटेल तितका वेळ. मधेंच उठून चहा घेऊन यावें, शत्रु जागच्या जागीं उभा असतो. या एका गुणामुळेंच माझ्यासारख्याचें मन त्यांत रमलें.

पहिलें शहर कोठें वसवावें, हा नवख्याचा पहिला प्रश्न. तांडा हातीं येतांच उत्तम जागेच्या शोधांत दहा-दहा खेळ्या रानोमाळ भटकणारे खेळाडू पुष्कळ. तोंपर्यंत प्रतिपक्षाच्या गांवांत धान्य सांठूं लागलेलें असतें. पहिल्या, फार तर दुसऱ्या खेळींत मुक्काम ठोकावा हेंच बहुधा हिताचें. मात्र एक गोष्ट पाहून घ्यावी, ती म्हणजे गोडें पाणी. नदीच्या किंवा तळ्याच्या कांठीं वसलेल्या शहरास खेळाच्या नियमाप्रमाणें पांच माणसांच्या निवाऱ्याची सोय आपोआप मिळते, समुद्रकांठीं तीन, आणि पाणी मुळींच जवळ नसेल तर अवघी दोन. पाणी येण्याच्या दिवशीं घरांतील हंडे, कळशा, बादल्या, इतकेंच काय पण पातेलींही भरून ठेवण्याची आम्हां धुळेकरांस संवय असल्यामुळें, हा नियम आमच्या घरांत कोणास समजावून सांगावा लागला नाहीं.

खानदेशचा इतिहासही याच नियमानें चाललेला दिसतो. फारुकी राजांचें थाळनेर तापीच्या कांठीं. नसीरखान फारुकीनें इसवी सन १४०० च्या सुमारास वसविलेलें बऱ्हाणपूर, तेंही तापीच्याच कांठीं. धुळ्याच्या दक्षिणेस थोड्या मैलांवर लळिंगचा किल्ला आहे. सत्तेचें ठाणें म्हणून तो धुळ्याहून पुष्कळ जुना, आणि खेळांतही टेकडीवरील शहर रक्षणास सोपें असतें. परंतु लळिंग किल्लाच राहिला आणि शहर वाढलें तें खालीं पांझरेच्या कांठीं.

आतां भाचीच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. तिच्या शहराभोंवतीं शेतें भरपूर होतीं, कोठारांत धान्य सांठत होतें, तरी लोकसंख्या चारावर अडून बसली होती; आणि ती बिचारी प्रत्येक खेळींत आणखी एक शेत करीत होती. नवख्यांची ही अगदीं ठरलेली चूक. शहराची वाढ तीन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली अन्न: प्रत्येक माणसास प्रत्येक खेळींत दोन भाग अन्न लागतें, उरेल त्यांतून नवा माणूस येतो. दुसरी निवारा: राहण्याची सोय संपण्यास एकच माणूस उरला कीं वाढीचा वेग निम्म्यावर येतो, आणि सोय पुरती भरली कीं पावपट होतो. तिसरी गोष्ट सुखसोयी, म्हणजे लोकांस त्या गांवीं राहण्यांत गोडी वाटेल अशा वस्तु आणि करमणुकीचीं स्थानें. तिच्या शहरास अन्नाचा तोटा नव्हता, निवाऱ्याचा होता; एक कोठार बांधलें असतें तर आणखी दोन माणसांची सोय झाली असती. "पण मामा, कोठारांत माणसें राहतात कां?" असें तिनें विचारलें. नाहीं राहत; पण पुढच्या वर्षाचें धान्य घरांत असल्याशिवाय माणूस नवें बिऱ्हाड करीत नाहीं, हेंच खेळ करणाऱ्यांस त्यांतून सुचवावयाचें असावें.

अन्न कमी पडलें तर काय होतें? पडद्यावर एक अंक कमी होतो. चाराचे तीन. एवढेंच. हें पाहिलें कीं मला १८०३ सालचें धुळें आठवतें. त्या वर्षाच्या भयंकर दुष्काळांत हें गांव संपूर्ण ओस पडलें होतें. एक माणूस कमी झाला नाहीं, गांवच उठून गेलें. दुसऱ्या वर्षीं बाळाजी बळवंत नांवाच्या गृहस्थानें तें पुन्हां वसविलें. लळिंग आणि सोनगीर हे परगणे तेव्हां विंचूरकरांकडे होते आणि हे बाळाजी बळवंत त्यांचे आश्रित. त्याबद्दल त्यांस इनाम जमीन मिळाली, पुढें त्या दोन्ही परगण्यांचा कारभार त्यांच्याकडे आला, आणि त्यांनीं आपलें ठाणें धुळ्यासच ठेवलें. ओस पडलेल्या गांवांत पहिला दिवा लावणारा हा मनुष्य. परंतु धुळ्याच्या स्थापनेची गोष्ट सांगतांना आपण कॅप्टन ब्रिग्ज यांच्यापासून प्रारंभ करतों आणि बाळाजीपंतांचें नांव राहून जातें.

पाणी दुरून आणण्याची सोयही खेळांत आहे. नदीपासून दूर असलेल्या शहरास डोंगरांतून किंवा तळ्यांतून पाट आणून दिला, तर तेथें दोनाऐवजीं सहा माणसांचा निवारा होतो. याचें आपल्या बाजूचें सर्वांत सुंदर उदाहरण बऱ्हाणपुरास आहे. तेथें सतराव्या शतकाच्या आरंभीं, मोगल अमदानींत, सातपुड्याच्या पायथ्याचें झिरपणारें पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, ओळीनें खोदलेल्या विहिरींच्या मार्गानें, केवळ उताराच्या बळावर शहरांत आणलें. कुंडी भंडारा या नांवानें तें काम आजही पाहावयास मिळतें. जळगांवानें पूर्वीं मेहरूणच्या तलावाचें पाणी घेतलें, आज वाघूर धरणाचें घेतें. धुळ्याच्या परिसरांत तर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं आपल्या नोकरीचीं पहिलीं वर्षें घालविलीं. १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत शिरल्यावर थोड्याच दिवसांत त्यांस खानदेशांत धाडण्यांत आलें, आणि पांझरेच्या एका कालव्याचें पाणी नळांच्या वक्रनलिकेनें पलीकडे नेण्याचें अवघड काम त्यांनीं येथें पार पाडलें. तेव्हां त्यांचें वय पंचविशीच्याही आंत होतें. हें ऐकून भाची म्हणाली, "म्हणजे नवखेच होते कीं!"

पाटाचा विषय निघाला म्हणून खेळाचें एक उणें सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. खेळांत शेत म्हणजे पटावरील एक घर. त्यावर खेळाडूनें बोट ठेवावें कीं पीक आलें. पांझरेच्या खोऱ्यांत शेंकडों वर्षें चालत आलेली फड-पद्धत ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें चित्र फार पोरकट वाटेल. नदीवर ठिकठिकाणीं दगडी बंधारे, बंधाऱ्यापासून कालवा, कालव्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, दरवर्षीं फडांची पिकें आळीपाळीनें फिरवावयाचीं, आणि बहुधा प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडांत असावयाचा, म्हणजे पाण्याचा लाभ आणि तुटवडा दोन्हीं सर्वांच्या वांट्यास सारखीं. पाणी सोडण्यास पाटकरी, राखणीस जागल्या, आणि त्यांची नेमणूक गांवकऱ्यांनींच करावयाची. जमीन, पाणी आणि बी हीं तिन्ही असूनही शेजाऱ्याशीं करार नसेल तर पीक येत नाहीं, ही गोष्ट या खेळांत कोठेंच नाहीं. खेळाडूच राजा आणि खेळाडूच पाटकरी, मग भांडण होणार कोणाशीं?

आधीं काय बांधावें, हा पुढचा प्रश्न. नवख्यास पिरॅमिड, टांगत्या बागा अशा अद्भुत वास्तूंचा मोह पडतो आणि तो पहिल्या शहरास वीस-वीस खेळ्या त्यांतच गुंतवून ठेवतो. तसें करूं नये. आधीं वाट पाहून येणारा एखादा टेहळ्या, मग रक्षणापुरतें सैन्य, मग दुसरा तांडा. तांडा काढतांना मूळ शहराची लोकसंख्या एकानें घटते, म्हणून शहर निदान दोनाचें झाल्याशिवाय तो काढतां येत नाहीं. आणि हें मला फार समर्पक वाटतें, कारण नवें गांव नेहमीं जुन्या गांवाच्या माणसांनींच भरतें.

सहाव्या आवृत्तींत शहराच्या निरनिराळ्या पेठा पटावर वेगवेगळ्या घरांत मांडाव्या लागतात: विद्येची एक, व्यापाराची एक, देवस्थानाची एक. पहिली पेठ केव्हांही मांडावी, पण दुसरीस लोकसंख्या चार लागते, तिसरीस सात, चौथीस दहा. व्यापारपेठ नदीलगत मांडली तर अधिक फळते, विद्यापीठ डोंगराच्या कुशींत. आणि एकदां मांडलेली पेठ हलवितां येत नाहीं! येथें मात्र पेन्सिल-कागद घेऊन आधीं आंखून पाहावें, असा माझा आग्रह आहे. नवखे घाईनें पहिली पेठ शहराच्या दारांतील उत्तम घरावर मांडतात आणि पुढें व्यापारपेठेस जागा उरत नाहीं.

आंखणीच्या बाबतींत धुळें हें भाग्यवान शहर. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर नव्या खानदेश जिल्ह्याचें ठाणें म्हणून कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनीं हीच जागा पसंत केली, कारण ती जिल्ह्याच्या मध्यावर आणि मुंबई-आग्रा रस्त्यावर होती. तेव्हांचें धुळें म्हणजे एका बाजूस पाटाचा कालवा, दुसऱ्या बाजूस नदी, आणि सभोंवार बागाईत, यांच्यामध्यें चेपलेलें लहानसें गांव: ४०१ घरें आणि २५०९ माणसें. १८१९ च्या जानेवारींत कचेऱ्या बांधण्याची मंजुरी आली. दूरदूरचे कारागीर आणविले गेले. व्यापाऱ्यांस आणि इतरांस घरांसाठीं जागा कायमच्या बिनभाड्यानें दिल्या, आणि घर पक्कें बांधतां यावें म्हणून जुन्या रहिवाश्यांस आणि नवागतांस सारखीच तगाई दिली. जुन्या धुळ्याचे बोळ वेडेवांकडे राहिले. नव्या पेठेचे रस्ते सरळ आंखले गेले, आणि तेथील गल्ल्या आजही नांवानें नव्हे तर क्रमांकानें ओळखल्या जातात. खेळांत पेठ मांडण्यास खेळाडूचें एक बोट पुरतें. ब्रिग्ज साहेबांस माणसांची मनधरणी करावी लागली, ती फुकट जागा देऊन.

सुखसोयी आणि विद्या यांविषयीं थोडक्यांतच सांगतों, कारण खेळाचा हा भाग मला फारसा पटलेला नाहीं. नियम असा कीं, आधीं ग्रंथालय बांधावें, मग त्याच्या पुण्याईनें एखादा थोर विद्वान् आपल्या शहरीं येतो. धुळ्यास उलट घडलें. इतिहासाचार्य राजवाडे आपलीं दप्तरें घेऊन आधीं येथें आले, १९२६ सालीं येथेंच वारले, आणि मग त्यांच्या संग्रहासाठीं संशोधन मंडळ उभें राहिलें. अमळनेरास १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर निघालें, तें तर कापसाच्या गिरण्यांच्या गांवीं. खेळाच्या कोणत्याही नियमांत तें बसत नाहीं.

शहरें एकमेकांपासून किती अंतरावर असावींत? दोन शहरांमध्यें निदान तीन घरें मोकळीं असलीं पाहिजेत, असा नियम. नवखे भीतीनें फार दूर दूर वसवितात. मग दोन शहरांच्या मधल्या मोकळ्या जागेंत प्रतिपक्ष येऊन बसतो. माझें मत असें कीं, चार-पांच घरांच्या अंतरानें, एकमेकांस मदत पोहोंचेल अशीं वसवावींत. जळगांव आणि भुसावळ यांच्यांत पंचवीस किलोमीटरही अंतर धड नाहीं. तरी एकानें दुसऱ्यास गिळलें नाहीं, कारण एक बाजारपेठ झालें आणि दुसरें रेल्वेचें ठाणें. २०२५ सालीं निघालेल्या सातव्या आवृत्तींत तर लहान गांवें आपलें अन्न मोठ्या शहराकडे धाडतात अशी योजनाच आहे. रावेर-यावलकडील केळींच्या गाड्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस ती चटकन् समजेल.

परंतु शहराचें दैव पालटणारी गोष्ट म्हणजे वाट. येथें भाचीचा आणि माझा वाद झाला, कारण ती जळगांवची. १९०१ च्या खानेसुमारींत धुळ्याची वस्ती २४,७२६ होती आणि जळगांवची १६,२५९. २०११ सालीं जळगांव सुमारें ४ लाख ६० हजार, धुळें सुमारें ३ लाख ७५ हजार. मधल्या काळांत काय झालें? खरें म्हणजे जें झालें तें आधींच झालें होतें. १८६० नंतरच्या दशकांत मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगांव, जळगांव, भुसावळ असा गेला. धुळें बाजूस राहिलें. त्याच सुमारास, १८६२ ते १८६५ पर्यंत, अमेरिकेंतील यादवीमुळें तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि जळगांव ही कापसाची मोठी पेठ बनली. युद्ध संपतांच भाव कोसळले, जळगांवास जबर धक्का बसला; पण रूळ उखडले गेले नाहींत. पुढें सुरतेकडचा तापीकांठचा मार्गही जळगांवासच येऊन मिळाला. धुळ्यास १९०० सालीं चाळीसगांवाहून एक फांटा मिळाला, पण फांटा तो फांटाच. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हां पूर्वेचें मुख्य ठिकाण जळगांव झालें. एरंडोलसारखीं जुनीं, नामांकित गांवें मागें राहिलीं. मी आग्रा रस्ता, सुरत-नागपूर रस्ता आणि सोलापूरचा रस्ता हे तिन्ही धुळ्यास मिळतात हें तिला ऐकविलें. "मग पुढच्या खेळींत पाहूं," असें म्हणून तिनें माझ्या नगराभिमानाची बोळवण केली.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली ती सांगतों. खेळाचा पट आरंभीं काळोखांत असतो. आपण पुढें जाऊं तसतसा उजळतो, आणि तेथें जीं माणसें भेटतात त्यांस खेळांत 'रानटी' म्हटलें आहे. त्यांस शहर नाहीं, बोलणें नाहीं. त्यांचा तळ उध्वस्त केला कीं आपणांस मोहरा मिळतात. भाचीनें असा एक तळ मोडला आणि आनंदानें मला हांक मारली. तिला मीं सातपुड्याच्या भिल्लांविषयीं सांगितलें. ब्रिग्ज साहेब धुळ्यास रस्ते आंखीत होते त्याच वर्षीं डोंगरांतून त्यांच्यावर पलटणी धाडल्या जात होत्या. नुसत्या मारानें भागेना, तेव्हां १८२५ सालीं औट्रम साहेबानें धरणगांवीं भिल्लांचीच पलटण उभारली. १८५७ सालीं खाज्या नाईक उठले ते याच मुलखांत. वाटा, घाट, वनाचे हक्क हें सर्व त्यांचें होतें, आणि आमच्या नकाशावर तीं घरें मोकळीं दिसत होतीं. भाची बराच वेळ गप्प होती. मग तिनें विचारलें, "यांच्याशीं तह करतां येतो कां?" त्या आवृत्तीच्या मूळ नियमांत येत नाहीं.

सुटी संपण्याच्या आदल्या रात्रीं तिनें एक नवा डाव मांडला. नदीकांठीं, पुराच्या गाळाच्या सुपीक घरांमध्यें पहिलें शहर वसविलें, आणि त्याचें मूळचें नांव खोडून 'धुळें' असें लिहिलें. मला अर्थातच बरें वाटलें. चाळिसाव्या खेळीच्या सुमारास नदीला पूर आला. दोन शेतें वाहून गेलीं, एक माणूस कमी झाला. मात्र गाळ बसलेल्या घरांचें पीक वाढलें. १८७२ सालीं पांझरेला मोठा पूर येऊन धुळ्यांतील घरांचें आणि मालमत्तेचें अतोनात नुकसान झालें होतें, हें मीं तिला सांगितलें.

"मग लोक उठून दुसरीकडे कां गेले नाहींत?" तिनें विचारलें.

मीं म्हटलें, "१८०३ सालीं गेले होते, तेव्हां पाणी नव्हतें. पुरानंतर विहिरी भरलेल्या होत्या, जागा कायमच्या बिनभाड्याच्या होत्या, आणि पाटाखालीं बागाईत उभें होतें. कोण जाणार?"

ती कांहीं बोलली नाहीं. खेळाच्या एका पुढच्या पुरवणींत धरण बांधण्याची सोय आहे, मात्र त्यास नदी ज्याच्या दोन बाजूंनीं वाहते असें पूर-मैदानाचें घर लागतें. आमचें अक्कलपाड्याचें धरण साक्री तालुक्यांत, शहराच्या वरच्या अंगास आहे हें तिला ठाऊक होतें. मी निजावयास गेलों तेव्हां ती नदीच्या वरच्या अंगानें एकेक घर तपाशीत बसली होती, आणि तिची मामी तिला सकाळच्या गाडीची आठवण करून देत होती.